पेंड कोणाची घ्यायची, हे दुधाच्या बिलाने का ठरावं?

दुभत्या जनावरांचा खुराक, म्हणजे पेंड, बनवून विकायचा आमचा धंदा. गेल्या पावसाळ्यात आमचं एक जुनं गिऱ्हाईक रिकामी पोती परत द्यायला आलं. चांगलं पोतं परत आलं की आम्ही दहा रुपये वजा करून देतो, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण त्या बाई पोती ठेवून नुसत्याच उभ्या राहिल्या. नवी पेंड मागेनात. मग हळूच म्हणाल्या, “वहिनी, आता डेअरीचीच घ्यावी लागंल. ह्यांनी तिथं सही दिलीया.” घरी दोन एचएफ (विदेशी जातीच्या) गाई आणि एक म्हैस, बारा वर्षांचा आमचा व्यवहार. पेंडीत काही खोट निघाली का, म्हटलं. तसं नाही. महाग पडते का? डेअरीचं पोतं आमच्यापेक्षा साठ रुपयांनी महागच होतं. मग? “दूध तिथं घालतोय न्हवं.”

या चार शब्दांवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माल सुधारता येतो, दर दहा-वीस रुपयांनी खाली आणता येतो, पोतं गोठ्यापर्यंत पोचवता येतं. पण मी दूध विकत घेत नाही. आणि सध्या आमच्या भागात पेंड विकायची असेल तर आधी दूध विकत घ्यावं लागतं, अशी गत झाली आहे.

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड आहे. आत दळायची एक हॅमर मिल, एक मिक्सर, एक वजनकाटा, आणि ओल लागू नये म्हणून पोत्यांखाली लाकडी फळ्या. गोळी पाडायचं यंत्र आमच्याकडे नाही, आमचा माल भरडा असतो. मक्याचा भरडा, सरकी पेंड, गव्हाचा कोंडा, तुरीची नाहीतर हरभऱ्याची चुनी (डाळ करताना पडणारा चुरा), सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), थोडी मळी, मीठ, कॅल्साइट आणि खनिज मिश्रण. सासऱ्यांनी सुरू केलेला धंदा, ते गेल्यापासून मी बघते. माणसं चार, त्यात मी एक. महिन्याला साधारण आठशे पोती जातात. मोठ्या कारखान्यातून तेवढी एका सकाळी बाहेर पडत असतील.

आमच्यासारख्यांचं गाऱ्हाणं निघालं की लोक म्हणतात, बाजार आहे, मोठा मासा छोट्याला खाणारच. किराणा दुकानांचं तसंच झालं, पिठाच्या गिरण्यांचं तसंच. मला ही तुलना पटत नाही. मोठा कारखाना माझ्यापेक्षा चांगली पेंड स्वस्तात देत असेल आणि म्हणून गिऱ्हाईक गेलं असेल, तर मी शेडला कुलूप लावीन, लेख लिहायला बसणार नाही. इथे तसं होत नाही. इथे गिऱ्हाईक महाग माल घेतं, कारण त्याच्या दुधाचं बिल ज्याच्या हातात आहे तोच पेंड विकतो.

हे चालतं कसं, ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं. लोक त्याला पगारच म्हणतात. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतं, त्यावर दर ठरतो. त्याच केंद्रात एका बाजूला पेंडीची थप्पी असते. पोतं उचललं की नोंद होते आणि दहाव्या दिवशी बिलातून कापून घेतात. केंद्र चालवणाऱ्याला पोत्यामागे कमिशन असतं. कुठे लिटरला थोडा जास्त दर मिळतो, पण पेंड तिथलीच घ्यायची अट असते. कुठे गाय घ्यायला उचल मिळते आणि उचल फिटेपर्यंत दूधही तिथंच, पेंडही तिथंच. कायदा मोडल्याचं कुठे दिसत नाही. सही शेतकऱ्याचीच असते. म्हणजे घरातल्या पुरुषाची, कारण दुधाचं खातं त्याच्या नावावर. धार काढणारी, आंबोण कालवणारी, कुठल्या गाईने आज गव्हाणीत तोंड घातलं नाही हे ओळखणारी बाई त्या कागदावर कुठेच नसते. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं अशा बायका होत्या. त्या दर विचारतात, पण आधी मूठभर पेंड हातात घेऊन हुंगतात.

आता हिशेब. आमच्या धंद्यात माल रोखीने घ्यावा लागतो आणि उधारीवर विकावा लागतो. सरकी पेंड अकोल्याकडून किंवा जळगावकडून येते. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं, चालू झालं की नोव्हेंबरनंतर दर उतरतात आणि उन्हाळ्यापासून चढू लागतात. या पेंडीचा वायदेबाजारही अकोल्याच्या भावावर चालतो, म्हणून आमच्या दुकानात सकाळचा पहिला प्रश्न असतो, “अकोला काय म्हणतंय?” ट्रक आला की पैसे द्यायचे, नाहीतर पुढचा ट्रक येत नाही. इकडे गिऱ्हाईक म्हणतं, पगार झाला की देतो. पगार होतो, त्यातून आधी शाळेची फी जाते, मग दवाखाना. दोन महिने कधी जातात कळत नाही. महिन्याला आठशे पोती, पोतं १,६०० रुपयांचं, म्हणजे १२ लाख ८० हजार. दोन महिन्यांची उधारी धरली तर २५ लाख ६० हजार रुपये गावागावांत पसरलेले. त्यावर बँकेचं व्याज बारा टक्क्यांनी महिन्याला २५,६०० रुपये. वीज, मजुरी, भाडं जाऊन पोत्यामागे मला ५० रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला ४० हजार. व्याज गेलं की उरतात १४,४००. एखादी लम्पीसारखी साथ आली की तेही उरत नाहीत. २०२२ साली ज्यांची जनावरं दगावली त्यांच्याकडे मी उधारी मागायला गेले नाही. जाऊन काय सांगणार होते?

डेअरीला ही अडचणच नाही. वसुली तिच्या हातातच आहे. बुडीत काही नाही, तगादा नाही, वहीही नाही. तिचा खरा फायदा इथे आहे. माल कुणाचा चांगला, हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोवर सही झालेली असते.

डेअरीवाल्यांचीही बाजू आहे, ती मांडलीच पाहिजे. त्यांना दूध चांगलं हवं, म्हणून जनावराला खुराक चांगला मिळायला हवा. शेतकऱ्याकडे रोख नसते, म्हणून उधारी हवी. दोन्ही एकाच ठिकाणी जमतं, तर बिघडलं काय? सहकारी संघांच्या बाबतीत मी हा युक्तिवाद बऱ्यापैकी मान्य करते. कोल्हापूरच्या गोकुळची महालक्ष्मी पेंड आहे. संघ सभासदांचा, पेंडीचा कारखाना संघाचा. भाव का वाढला, कोंडा जास्त का लागतो, हे वार्षिक सभेत उठून विचारता येतं, आणि लोक विचारतातही. शेतकरी तिथे निदान कागदावर तरी मालक आहे. पण आज राज्यातलं बरंचसं दूध खाजगी डेअऱ्यांकडे जातं. तिथे सभा नाही, मतदान नाही. तिथे शेतकरी दूध घालणारा आहे आणि पेंड घेणारा आहे. दोन्हीकडून गिऱ्हाईकच, मालक कुठेच नाही.

आणि पैशापेक्षाही मला डाचणारी गोष्ट वेगळी आहे. पेंड किती घालायची, हे शेतकऱ्याला सांगणार कोण?

नियम जुनाच आहे. अंगाच्या पोषणासाठी दीड ते दोन किलो खुराक आणि वर गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला लिटरमागे अर्धा किलो. चारा कसा आहे त्यावर थोडं इकडे-तिकडे. आठ लिटरवर आलेल्या गाईला पावणेपाच किलो पुरते. मी कितीतरी गोठ्यांत अशा गाईपुढे सात-सात किलो पडलेली बघितली आहे. गाय सुरुवातीला वीस लिटर देत होती तेव्हाचं माप तसंच चालू राहतं. व्यायल्याला महिने होतात, वेत पुढे सरकतं, दूध उतरतं, पाटी उतरत नाही. दोन किलो जास्त म्हणजे दिवसाला ६४ रुपये शेणात. दुधाच्या उत्पादन खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो, असं सगळेच सांगतात. मग त्या खर्चातलं वायफळ कापणं हे शेतकऱ्याच्या हाती असलेलं सगळ्यात मोठं हत्यार झालं. ते वापर, असं त्याला कोण सांगेल?

मी सांगते. मी फार सज्जन आहे म्हणून नव्हे. माझं पोतं दोनने कमी खपलं तरी चालेल, पण गिऱ्हाईक दहा वर्षं टिकायला हवं आणि उधारी फिटायला हवी. ज्याच्या गाईचा खर्च आवाक्यात तोच माझे पैसे देतो. माझा स्वार्थ त्याच्या नफ्यात अडकलेला आहे. ज्याची वसुली बिलातून आपोआप होते, त्याचा स्वार्थ फक्त पोत्यांच्या संख्येत असतो. गावातल्या केंद्रावर बसलेल्या पोराला पोत्यामागे कमिशन आहे. तो ‘कमी घाला’ कशाला म्हणेल?

त्यात आणखी एक गुंता आहे. फॅट लागलं नाही की दर कापला जातो. फॅट मोजणारं यंत्र डेअरीचं. फॅट का लागलं नाही विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं, आमची अमुक पेंड वापरून बघा, फॅट वाढेल. मोजणारा तोच, दर देणारा तोच, आणि उपाय विकणाराही तोच. कुणी लबाडी करतंय असं मी म्हणत नाही. लबाडी न करताही ही रचना वाईट आहे. तब्येत तपासणारा, पगार कापणारा आणि औषध विकणारा एकच माणूस असेल, तर आपण दुसऱ्या डॉक्टरला दाखवून येतोच ना? गोठ्याला तो दुसरा डॉक्टर म्हणजे दूध न घेणारा पेंडवाला. तो बंद पडला तर गावात एक दुकान कमी होईल, एवढीच ती बाब नाही. शेतकऱ्याला दुसरं मत देणारं माणूस उरणार नाही. सरकारने २०११ पासून काही वर्षं राष्ट्रीय डेअरी योजनेत संतुलित आहाराचा कार्यक्रम चालवला, गावोगाव माणसं नेमून गाईगणिक आहार ठरवून दिला. चांगलं काम होतं. योजना सरली. दुसरं मत मात्र कायम लागतं.

आता माझ्या बाजूची घाण. छोट्यांचा कैवार घेताना ती झाकली तर लेख लिहिण्यात अर्थ नाही.

भेसळ छोटेच करतात हे खरं नसलं, तरी छोट्यांना ती सोपी जाते हे खरं आहे. सरकी पेंडीत शेंगांची टरफलं दळून घालणारे आहेत. तांदळाचं तूस, माती, वाळू, रंग, सगळं बघितलं आहे. सगळ्यात सोपा प्रकार युरियाचा. प्रथिन मोजायची प्रयोगशाळेतली रीत अशी, की आधी नमुन्यातलं नत्र मोजायचं आणि त्याला ६.२५ने गुणायचं. युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे १०० किलो भुश्यात एक किलो युरिया मिसळला की कागदावर प्रथिन जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू थोडा युरिया वापरून घेतात, म्हणून मोठ्या जनावरांच्या खाद्यात अल्प प्रमाणात तो चालतो. पण मिश्रण नीट झालं नाही आणि एका घमेल्यात गोळा आला तर जनावर तासाभरात आडवं होतं. वासराला तर तो घालायचाच नसतो. आणि हा युरिया येतो कुठून? शेतीसाठीची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. खाद्यात वापरायचा औद्योगिक युरिया त्याच्या कितीतरी पट महाग आहे. जो शेतीची गोणी फोडतो त्याच्याशी मी दरात कशी लढणार? २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घालणाऱ्यांनी हीच फट वापरली होती. नत्र वाढवलं, प्रथिन वाढल्याचं दिसलं, आणि तान्ही मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दवाखान्यात गेली. तिथे युरियाऐवजी मेलामाइन होतं आणि वासरांच्या जागी माणसांची मुलं होती, एवढाच फरक.

मग तपासणी नको का? हवी. माझ्याइतकी ती कुणालाच नको नसेल असं वाटत असेल, तर उलटं आहे. तपासणी नसल्याने नुकसान होतं ते खरा माल विकणाऱ्याचं. माझ्या शेडमध्ये वजनकाट्याचा शिक्का बघायला वैधमापनचा माणूस येतो. पोत्यात ५० किलो आहेत की नाही, हे तो बघतो. ते ५० किलो कशाचे आहेत, हे बघायला इतक्या वर्षांत एकदाही कुणी आलेलं नाही.

याला कारण आहे आणि ते कायद्याच्या पुस्तकातच आहे. बियाण्याला १९६६चा कायदा आहे, कीटकनाशकाला १९६८चा, खताला १९८५चा नियंत्रण आदेश. त्या दुकानांना परवाना लागतो, निरीक्षक नमुने काढतो. पशुखाद्यही एके काळी असं बेवारस नव्हतं. १९५५च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या व्याख्येत पहिलंच नाव होतं जनावरांचा चारा, पेंड आणि इतर खुराक. २००६च्या दुरुस्तीत वस्तूंची नवी अनुसूची झाली आणि पेंड त्यातून गेली. राहिलं ते चाऱ्याचं बियाणं. गंमत म्हणजे त्याच २००६ साली अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला आणि त्याने ‘अन्न’ शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य बाहेर ठेवलं. एकाच वर्षात आम्ही जीवनावश्यकही राहिलो नाही आणि अन्नही झालो नाही.

पुढे दूध तपासायला गेल्यावर सरकारला पेंड आठवली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते, निष्कर्ष २०१९मध्ये जाहीर झाले. पाणी-पावडरच्या गप्पा आपण मारतो, पण आरोग्याला घातक अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होतं, शंभरातल्या जवळजवळ सहा नमुन्यांत. हे विष दुधात कुणी ओतत नाही. ओला मका, बुरशी आलेली सरकी, भिजलेली शेंगदाणा पेंड जनावराच्या पोटात गेली की त्यातला थोडा भाग रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळून ते जात नाही. दुधात किलोला अर्धा मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, खाद्यात भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम. ऑक्टोबरच्या पावसात काढलेला मका चौदा टक्क्यांच्या वर ओलावा घेऊन येतो, तो तसाच थप्पीला लावला की आठवड्यात आतून गरम लागतो. मी हात घालून बघते. हाताला गरम लागलं तर ट्रक परत पाठवते आणि व्यापाऱ्याच्या शिव्या खाते. पण हाताला २० मायक्रोग्रॅम कळत नाहीत.

यात आता पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलची भर. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर मर्यादा आली, डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या आणि आमचा मका महागला. त्याच्या बदल्यात बाजारात आला डीडीजीएस, म्हणजे मक्यातला पिष्ट आंबवून काढल्यावर उरलेला चोथा. प्रथिन भरपूर, दर स्वस्त. पण पिष्ट निघून गेल्यामुळे मूळ धान्यात जे काही होतं ते तिप्पट दाट होतं, प्रथिनही आणि बुरशीचं विषही. चांगल्या मक्याचा डीडीजीएस उत्तम खाद्य आहे. खराब मक्याचा दिसायला अगदी तसाच असतो.

जानेवारी २०२०मध्ये प्राधिकरणाने फर्मान काढलं, विक्रीच्या पशुखाद्यावर मानक ब्यूरोचं चिन्ह हवं. मग मुदतवाढ, परत मुदतवाढ. जे खाद्य कायद्याच्या व्याख्येत अन्नच नाही, त्यावर अन्नाच्या कायद्याने हुकूम कसा चालवायचा, ही अडचण होतीच. माझी अडचण वेगळी. त्या चिन्हासाठी स्वतःची प्रयोगशाळा हवी, रसायन शिकलेला माणूस हवा, वर्षाची फी हवी. हजारो टनांच्या कारखान्याला हा खर्च पोत्यामागे पैशात पडतो. चाळीस टनांच्या शेडला तो परवडत नाही. म्हणजे गुणवत्तेच्या नावाने असा दरवाजा केला जातो, ज्यातून फक्त ट्रेलर आत जाऊ शकतो. भेसळ करणारा छोटा मात्र बिनचिन्हाचा माल रात्री टेम्पोतून विकत राहील. तो तसाही दारातून येत नव्हता.

२०२३ साली राज्य सरकारने कंपन्यांना बजावलं की खाद्याचे दर उतरवा आणि पोत्यावर घटक छापा. पहिलं चुकीचं होतं, दुसरं बरोबर. दर हुकमाने उतरत नाहीत, उतरला तर पोत्यातला माल उतरतो. घटक छापणं मात्र सोपं, बिनखर्चाचं आणि सगळ्यांना सारखं आहे. मी शेडच्या दारावर खडूने लिहिते, मका इतका, सरकी इतकी, युरिया नाही. शेजारच्या गावातला एक जण ते बघून तसंच कालवून विकतो. विकू दे. पाककृतीत गुपित नसतंच, सरकी कुठली आणि कधी घेतली यात सगळं असतं.

मला कायदा हवा आहे, तो असा. पशुखाद्याचा वेगळा, खताच्या आदेशासारखा. परवाना साधा, फी कमी, पण पोत्यावर प्रत्येक घटकाचं प्रमाण आणि युरिया आहे की नाही हे ठळक मराठीत. नमुने कारखान्यात नव्हे, गोठ्यात काढा, उघडलेल्या पोत्यातून. तपासणी सरकारने आपल्या खर्चाने करावी आणि निकाल नावानिशी पंचायत समितीच्या फळ्यावर लावावा, मोठ्याचाही आणि माझाही. आज मला अफ्लाटॉक्सिन बघायचं तर नमुना शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे, नाहीतर पुण्याला, नाहीतर थेट आणंदला पाठवायचा विचार करावा लागतो. उत्तर येईपर्यंत ती पेंड दूध होऊन शहरात पोचलेली असते. तालुक्याच्या दवाखान्यात पट्टीवरची झटपट चाचणी ठेवायला काही आभाळ कोसळणार नाही.

आणि त्याहून आधी, कपात. दुधाच्या बिलातून कपात बंदच करा, असं मी म्हणणार नाही. ती सोय आहे, आणि शेतकऱ्याला हवी असते. माझं म्हणणं इतकंच की ती सोय दुधाच्या खरेदीदाराची मालमत्ता नसावी. शेतकऱ्याने लिहून दिलं तर कपात कुठल्याही पेंडवाल्याच्या नावे व्हावी, आणि त्याने काढून घेतलं तर पुढच्या दहा दिवसांपासून थांबावी. लिटरचा दर पेंडीच्या खरेदीवर अवलंबून ठेवता येणार नाही, एवढं एक वाक्य नियमात आलं तर पुरे. हे अवघड आहे असं कुणी सांगू नये. २०२४मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा कानातले बिल्ले, आधार आणि बँकेची खाती जोडून पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात गेलेच की. कटकटी झाल्या, पण गेले.

बाकी ज्या मदतीचा गाजावाजा होतो तिचं थोडक्यात सांगते. २०२०मध्ये पशुसंवर्धनासाठी १५,००० कोटींचा पायाभूत निधी आला, त्यात खाद्य कारखान्याला कर्ज आणि व्याजात तीन टक्के सूट ठेवली होती. बँकेत गेले होते. साहेबांनी चहा पाजला आणि प्रकल्प अहवाल मागितला. यंत्राला कर्ज आहे, उधारीला नाही. मला यंत्र नको होतं. जीएसटीचं तर विचारूच नका. पशुखाद्य करमुक्त आहे म्हणून पाठ थोपटली जाते, पण माल करमुक्त असला की कच्च्या मालावर, पोत्यावर, यंत्राच्या सुट्या भागावर भरलेला कर परत मिळत नाही, तो पेंडीतच मुरतो. मळीवर ऑक्टोबर २०२३पर्यंत २८ टक्के कर होता. मग तो ५ टक्के झाला, चुनीवरचा त्याआधीच जानेवारी २०२३पासून गेला होता. बरं झालं. खरी मदत वेगळी होती आणि ती कागदावर २०१८पासून आहे, दुधाळ जनावरांसाठी किसान क्रेडिट कार्ड. ते प्रत्येक गोठ्याला खरोखर मिळालं असतं, तर शेतकऱ्याने रोखीने पेंड घेतली असती. मग बिलाची सहीही लागली नसती आणि माझी वहीही.

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. खनिज मिश्रणाची एक पिशवी घेतली, रोख, कमरेच्या पिशवीतून पैसे काढून. पदराच्या टोकाला डेअरीची मूठभर गोळी बांधून आणली होती. “ह्यात काय घातलंय बघा की जरा.” मी पेल्यात पाणी घेऊन टाकली. गोळी फुटली, कोंडा वर आला, तळाला वाळू जवळपास नव्हती, वास स्वच्छ होता. माल बरा होता, आणि तसं मी त्यांना सांगितलं. म्हैस कशी आहे, विचारलं. आटत आलीय, सांजचं दीड लिटरच देती, म्हणाल्या. मग तिची पेंड निम्म्यावर आणा, म्हटलं, महिन्याला दोन पोती वाचतील.

“वाचून काय करू वहिनी,” त्या म्हणाल्या, “सही धा पोत्यांची हाय.”